दोन्ही कंडक्टर रजेवर

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला खोली दाखवलीच नाही. आधी बांगडे दाखवले. स्टीलच्या दोन ताटल्या, प्रत्येकीत एकेक बांगडा, आणि ताटल्यांच्या पलीकडे लोखंडी खुर्चीत बसलेला एक अवाढव्य माणूस. बसा नाही, पाणी घ्या नाही.

"ह्यातला आजचा कंचा आणि शिळा कंचा, वास घेऊन सांगा," ते म्हणाले.

मी घाटावरची. बँकेनं बदली करून रत्नागिरीला टाकलेली. आमच्याकडे मासा म्हणजे कधीतरी धरणातला, तोही पाहुणे आले तर. त्यात सकाळपासून खोल्या बघून माझं डोकं फिरलेलं. मी ताटल्यांवर वाकले आणि उजवीकडच्या ताटलीपासून झटक्यात मागं सरले. "हा कालचासुद्धा नाही, परवाचा असेल," मी रागानंच म्हणाले. "आणि असले प्रकार करायचे असतील तर मला तुमची खोली नको."

त्यांचा चेहरा उजळला. "परवाचाच हाय. मुद्दाम ठेवलेला. खोली तुमची."

माझ्या आधी आलेले दोघं भाडेकरू ह्या परीक्षेत नापास झाले होते, हे मला मागाहून कळलं. एक तर सर्दी घेऊनच आला होता.

ते एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आळीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. कंट्रोलर म्हटलं की लहान पोरही घर दाखवायचं. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांच्या तोंडात दोन भाषा होत्या. एक घरातली, आणि दुसरी कर्ण्यावरची. महत्त्वाचं काही सांगायचं झालं की ते मान ताठ करून कर्ण्यावरची भाषा काढायचे: "भाडेकरूंनी कृपया लक्ष द्यावे. न्हाणीघरातील पाणी सकाळी साडेसहा वाजता सुटेल." समोर मी एकटीच उभी, टॉवेल घेऊन.

काकांना वास येत नसे. म्हातारपणी गेला असं नाही, जन्मापासूनच नव्हता. बायको होती तोवर तिचं नाक दोघांना पुरलं. ती गेली, मुलगी सुजाता नर्स होऊन पुण्याला गेली, आणि घरात नाकच उरलं नाही. म्हणून भाडेकरू. अट अशी की सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी परत आल्यावर मी त्यांच्या घरात एक फेरी मारायची. गॅस, दूध, उरलेली आमटी, फ्रीजमधला मासा, मोरी, आणि शेवटी स्वतः काका. "माझा येतोय?" ते सरळ विचारायचे.

सुरुवातीला मी लाजून "नाही हो काका" म्हणायचे. मग एकदा ते तसेच विहारात वंदनेला गेले, आणि मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत सरकून बसल्या. ते त्यांनी बघितलं. घरी येऊन माझ्यासमोर उभे राहिले. चिडले नव्हते, तेच मला जास्त लागलं. "मॅडम, माझं नाक मी तुमच्याकडं दिलंय. तुमी खोटं बोललात तर मी आता कुनाला विचारू?"

त्या दिवसापासून मी त्यांना तोंडावर सांगायला लागले. आंघोळ करा. हा शर्ट धुवायला टाका. अत्तर कमी, काका, शेजारी शिंकायला लागलेत. दुसऱ्या कुणाला असं बोलले असते तर त्यानं मला घराबाहेर काढलं असतं. काका मान डोलावून आत जायचे.

स्टँडवर त्यांची खोली मुतारीला लागून होती. तिथं टिकणारा कंट्रोलर मिळत नसे. एकजण आठवड्यात रजा टाकायचा, दुसरा साहेबांच्या पाया पडून बदली घ्यायचा. काका मात्र तिथं आरामात डबा खायचे. आल्यागेल्याला चहा पाजायचे, आणि लोक नाकाला रुमाल लावून तो चहा प्यायचे. "काय सहनशील माणूस" अशी सगळ्या डेपोत त्यांची कीर्ती. निरोप समारंभात साहेबांनी ह्या सहनशीलतेवर भाषण केलं. ते सांगताना काकांचं सगळं अंग हलायचं इतकं ते हसायचे. "मी गप्प बसलो. म्हटलं शाल देतायत तर घिऊया."

अंग हलायचं म्हणजे खरंच हलायचं. ती लोखंडी खुर्ची डेपोच्या वेल्डरनं खास करून दिलेली होती, कारण लाकडाच्या टिकत नव्हत्या. लोकांना वाटे, रिकामटेकडा खातो आणि बसतो. त्यांच्या पायांना फोड यायचे इतकं ते चालायचे, ते कुणी बघत नसे.

आता मुद्द्याचं. गुडघे गेले म्हणून सुजाता त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली होती. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी गुडघे राहू दिले बाजूला आणि भलतंच विचारायला सुरुवात केली. वजन लहानपणापासून असंच का? वास कधीच आला नाही का? आईवडील नात्यातले होते का? मग रक्त घेतलं. काकांचं घेतलं, त्यांच्या मालगुंडच्या धाकट्या बहिणीचंही मागवून घेतलं. आणि काकांना साठी उलटल्यावर आपल्या आयुष्याचं कारण कळलं. त्या दिवसापासून त्यांना जो भेटेल त्याला ते सांगायचंच असायचं. दूधवाला सुटला नाही, मीटर बघायला आलेला सुटला नाही, मीही सुटले नाही.

"बगा मॅडम. वास म्हंजे प्रवासी. तो नाकात येतो, शिटवर बसतो. डायवर तयार हाय, इंजिन चालू हाय. पन गाडी सुटायला काय लागतं? घंटी. घंटी कोन मारतो? कंडक्टर. तो कंडक्टर म्हंजे एंझाइम."

शाळेत आम्ही त्याला विकर म्हणायचो आणि परीक्षा झाली की विसरायचो. काकांच्या तोंडून ते मला पहिल्यांदा कळलं.

"माझ्याकडं तो कंडक्टरच नाय. प्रवासी जन्मभर बसून हायत, आणि गाडी मेंदूकडं जातच नाय. आता, कंडक्टर भरती करायचा हुकूम कुटं लिवलेला असतो? जीनवर." इथं मान ताठ व्हायची. "जीन क्रमांक एडीसीवाय थ्री. फलाट क्रमांक दोन." फलाट म्हणजे गुणसूत्र.

हुकूम दोन असतात, एक आयशीकडनं आणि एक बापाकडनं. एक कंडक्टर हजर असला तरी गाडी बिनबोभाट सुटते. काकांचे दोन्ही रजेवर. कारण त्यांच्या बापानं सख्ख्या मामाची मुलगी केलेली. मामाची पोर म्हणजे हक्काची, बाहेर कशाला शोधायची, असा सगळा हिशेब. "पनज्याचा एकच रजेचा अर्ज," काका म्हणायचे, "दोन वाटांनी फिरत फिरत माझ्यापर्यंत आला."

आणि तोच कंडक्टर पोट भरल्याचीही घंटी मारतो. तीही त्यांच्याकडे वाजत नव्हती.

हे सांगताना मात्र ते हसत नसत. लहानपणी आई भाताचं भांडं शिंक्यात टांगायची आणि ते खांबावर चढून काढायचे. बाप मारायचा. वास येत नाही म्हणतो ती सोंगं आहेत, अशी त्याची खात्री. सोंग उतरवायला त्यानं सुक्या बोंबलांचं गाठोडं पोराच्या उशाला बांधून झोपवलं. पोरगं गाढ झोपलं. सकाळी त्याबद्दल पुन्हा मारलं. "आज बापूस असता," काका म्हणायचे, "तर त्याला हाताला धरून त्या डॉक्टरीणबाईकडं नेला असता. म्हटलं असतं, हिला इचार, मी सोंग करत व्हतो काय ते."

माझ्याकडे आणखी एक काम होतं, ते पहिल्याच आठवड्यात पुण्याहून येऊन गेलेल्या सुजातानं जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं. स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्याकडे. जेवण मोजून ताटात, वेळेवर, आणि मधे काही म्हणजे काही नाही. "ते मागतील. गोड बोलतील, रागावतील, आईची शपथ घालतील. द्यायची नाही. त्यांनीच मला असं सांगायला लावलंय."

मला वाटलं, एवढं काय. एका रविवारी दुपारी ते माझ्या दाराशी आले. आधी गप्पा. मग म्हणाले, कपाटात गुळाचा डबा आहे, त्याला मुंग्या लागल्या असतील, बघायला हवं. मी म्हटलं, मी बघते. मग म्हणाले, एक चपाती. मी नाही म्हटलं. मग आवाज बदलला. मी दार लावून आत बसले, किल्ली मुठीत धरून, आणि तो माणूस दाराबाहेर उभा राहून माझ्याशी भांडत होता. कोण कुठली तू, माझ्या घरात मला उपाशी मारतेस. दारावर हात आपटला तेव्हा कडी हलली. मला भीती वाटली हे खोटं कशाला सांगू. मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग पावलं.

संध्याकाळी फेरीला गेले तर खुर्चीत बसलेले, डोळे सुजलेले. "उगडलं असतंत," ते म्हणाले, "तर उद्या खोली खाली करून घेतली असती." आणि मी दुधाचा वास घेऊन येईपर्यंत खाली बघत राहिले.

गॅसचा प्रकार त्यानंतरचा. रोज दिवेलागणीला काका बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायचे, आणि त्याआधी माझी फेरी झालेली असायची. ते त्याला सुटण्यापूर्वीची तपासणी म्हणायचे. त्या दिवशी मला रिक्षा मिळेना. पोचले तेव्हा चिऱ्याच्या पायऱ्यांवरच तो वास नाकात घुसला. दार उघडं होतं. आत काका मूर्तीसमोर उभे, पाठ माझ्याकडे, एका हातात काड्यापेटी आणि दुसऱ्या हातात काडी.

ओरडले तर दचकून ओढतील असं वाटलं. मी त्यांच्या कानावर येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "काका, काडी खाली ठेवा."

ते वळले नाहीत. "उशीर झालाय," म्हणाले. "तुमी येत नव्हतात. मी येळेवर सोडतंय."

"काका. गॅस आहे. घरभर आहे."

काडी पेटीच्या कडेला टेकलेली होती. ती तिथून निघून खाली जाईपर्यंत मी दारात तशीच उभी होते. मग त्यांना हाताला धरून बाहेर आणलं, आत जाऊन रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. नळी उंदरानं कुरतडली होती. परत आले तर काका पायरीवर बसलेले, काड्यापेटी अजून हातात, आणि त्यातल्या काड्या खडखड वाजत होत्या.  "मना काय सुद्धा कळलं नाय," ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. "काय सुद्धा."

त्याच संध्याकाळी मालगुंडहून त्यांचा भाचा मिलिंद आला. बहिणीचा एकुलता एक. रत्नागिरीत फ्रीज दुरुस्तीचं दुकान, बोलायला कमी, हातानं पटपट. त्यानं नळी बदलली, उंदराचं भोक बुजवलं आणि मामाच्या पायाशी बसून राहिला. दुसऱ्या दिवशी पुण्याहून सुजाता आली. ते दोघं एकमेकांकडे न बघता ज्या रीतीनं एकमेकांना भांडी देत-घेत होते, त्यावरून मला जे कळायचं ते कळलं. नाक नसलं तरी डोळे काकांनाही होते, पण त्यांनी बघायचं टाळलं असावं.

जेवताना सुजातानं सांगून टाकलं. पुण्याची नोकरी सोडते, इथल्या इस्पितळात बघते, तुम्हाला आता एकटं ठेवणार नाही. आणि मिलिंदशी लग्न करते.

काकांच्या ताटात अर्धी चपाती आणि भात होता. त्यांनी ताट पुढं ढकललं. मी त्या घरात राहिले त्या सगळ्या काळात त्यांनी ताटात अन्न टाकलेलं एवढ्या एकाच वेळी बघितलं.

"रद्द," ते म्हणाले. मग कर्ण्यावरच्या आवाजात, भिंतीकडे बघत, "सदर फेरी रद्द करण्यात आलेली आहे."

"बाबा, घरात बोला," सुजाता म्हणाली.

घरातल्या भाषेत ते असं: सुजाताचा एक कंडक्टर नक्की रजेवर आहे, कारण बापाकडे द्यायला दुसरं काही नव्हतंच. बहिणीचं रक्त डॉक्टरीणबाईंनी बघितलेलं, तिचाही एक रजेवर. मिलिंदला तिच्याकडून कुठला आला, चांगला की रजेवरचा, ते कुणालाच माहीत नाही. चांगला आला असेल तर काही प्रश्नच नाही. रजेवरचा आला असेल, तर होणाऱ्या दर मुलामागे चारातला एक धोका, की ते काकांसारखं निपजेल. मिलिंदनं रक्त तपासायचं. त्याचा एक जरी कंडक्टर रजेवर निघाला तर लग्न नाही.

मिलिंदनं एका शब्दानं वाद घातला नाही. रक्त देऊन आला. ते मुंबईला गेलं, आणि आम्ही सगळे वाट बघत बसलो.

ते दिवस मला नको वाटतात. सुजाता रजा वाढवून राहिली होती. बापलेक एका घरात, आणि एकमेकांशी बोलणं माझ्यामार्फत. "तिला सांगा आमटी खारट हाय." "त्यांना सांगा बीपीची गोळी राहिली." मी बँकेतून दमून यायचे आणि निरोप्याचं काम करायचे. एकदा चिडून म्हटलं, मी फक्त नाकाची नोकरी धरली आहे, तोंडाची नाही. दोघांपैकी कुणी हसलं नाही. मोबाइल वाजला की काकांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट व्हायचा.

सुजाता एकदा माझ्या खोलीत येऊन बसली. "त्यांना वाटतं मी त्यांना सांभाळायला म्हणून मिलिंदशी लग्न करते. तसं नाही हो. मला तो आवडतो. बारावीपासून आवडतो. एवढं साधं आहे." मी विचारलं, रजेवरचा निघाला तर? हल्ली पोटातल्या बाळाचीही तपासणी होते ना? तिनं माझ्याकडे बघितलं. "होते. मी नर्स आहे, मला माहीत आहे. पण तपासून पुढं काय करू? बाळ माझ्या बाबांसारखं आहे, म्हणून नको म्हणू?"

 

रविवारी दुपारी मिलिंद आईला घेऊन आला. फोनवर सांगणार नाही, येऊन सांगतो म्हणाला होता, त्यावरूनच अंदाज यायला हवा होता. मी उठून जायला निघाले तर काका म्हणाले, "बसा मॅडम. घरातलं सगळं तुमच्या नाकाखालून गेलंय, ह्ये पन जाऊ दे." म्हणून मी दाराशी स्टुलावर बसले.

"एक रजेवर हाय, मामा," मिलिंद म्हणाला.

आत्याबाईंनी, म्हणजे मिलिंदच्या आईनं, लगेच पदर खोचला. "असूं दे. आपल्यात मामाची पोर करतातच. दादा, तुजी आय तुज्या बापाच्या मामाचीच ना? तुला लहानाचा मोठा केलान ना तिनं? चारातला एक म्हंजे तिगं चांगले, ता नाय सांगत तू."

"आणि चौथं झालं तर झालं," सुजाता म्हणाली. "मी तुम्हाला सांभाळलं. पोराला नाही सांभाळणार?"

"तू सांभाळशील," काका म्हणाले. "पन जगायचं त्याला हाय. त्याला कोन इचारणार? मी सांगतंय, ऐका."

आणि मग ते बोलायला लागले. कर्ण्यावरचा आवाज नव्हता. मिलिंदकडे बघून बोलत होते, हळू, एकेक समोर मांडत.

"शाळेत पोरं माझ्या दप्तरात कुजलेला मासा ठेवायची. आख्खा वर्ग नाक धरून हसायचा, आणि मना कळायचंच नाय का हसतायत. मी पन हसायचो. मास्तर म्हनायचे, घरी पानी नाय काय रे तुमच्याकडं. लग्नात पंगतीला बसलो की वाढपी एकमेकांकडं बगायचे. मी येवढासा होतो तेव्हापासनं. मिलिंद, तुला भूक लागते ती जेवल्यावर जाते. माजी जेवताना पन आसते. हात धुताना आसते. ह्या बाईनं दार लावून घेतलं तेव्हा मी तिला काय काय बोललो, इचार तिला. तो मी नव्हतो, आणि दुसरा पन कोन नव्हता." त्यांनी माझ्याकडे बोट केलं नाही, पण सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"गॅस गेला तर कळत नाय. अन्न नासलं तर कळत नाय. सोताचा घाम कळत नाय, म्हनून लोकांच्या तोंडाकडं बगत जगायचं. कोन सरकून बसला, कुनी रुमाल काढला. दिवसभर तेच बगायचं. ही जन्मली," आता त्यांनी सुजाताकडे मान केली, "तेव्हा माझ्या हातात दिलान. बायका म्हनाल्या, टाळूचा वास घे, बाळाच्या टाळूचा वास काय आसतो बघ. मी नाक टेकवलं आणि घेतल्यासारखं केलं. सगळ्या हसल्या, बापाला बरं वाटलं म्हनाल्या. मना येवढं एकटं कधीच वाटलं नव्हतं. असलं पोर तुला पायजे? सांग. सोताच्या हातानं त्याला ह्याच्यात सोडशील?"

आत्याबाई पदरात तोंड घालून रडत होत्या. सुजाता खाली बघत होती. इतके दिवस प्रत्येक गोष्टीला उत्तर देणारी ती मुलगी, तिला हे टाळूचं माहीतच नव्हतं. 

मिलिंद मग उठला. "मामा," तो म्हणाला, "पटलं मना. तुमी म्हंतायत ता बरोबर. नको करूया."

काकांना हवं होतं तेच तो म्हणाला होता. सुजातानं लग्नाचं सांगितलं तेव्हापासून ह्याच एका वाक्यासाठी ते सगळ्यांशी भांडत होते. मला वाटलं, आता सुटल्यासारखे मागं टेकतील. पण ते पुढं झुकले.

"पटलं?"

"व्हय मामा."

"समदं?"

"व्हय. असलं जगणं पोराच्या वाट्याला..."  तो दाराकडे निघाला. आत्याबाई पिशवी शोधायला लागल्या.

काकांनी सुजाताकडे बघितलं. तिनं वर बघितलं नाही. ती आता तरी काही म्हणेल, नाही बाबा म्हणेल, असं त्यांना वाटत असावं. मग माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला बघवेना. एखाद्यानं आपला खटला इतका चांगला लढवावा की न्यायाधीशानं त्यालाच फाशी सुनवावी, तसा तो माणूस बसला होता.

"अरे," ते म्हणाले. "थांब. येवढं पन वायट नव्हतं रे."

मिलिंद दारात थांबला.

"म्हंजे मी सांगितलं ता खोटं नाय. पन तेवढंच नाय." ते खुर्चीच्या दांडीवर हात घासत होते. "हिची आय. लगीन झालं तेव्हा मी पयल्याच दिवशी सांगून टाकलं, मना वास येत नाय. ती म्हनाली, मग मी सांगेन. मना वाटलं अशीच म्हंतेय. पन रोज, अरे रोज, मी ड्युटीवरनं आलो की बाजूला बसून सांगायची. आज शेजारी फणस फुटलाय. आज बाजारात एका बाईच्या डोक्यात सुरंगीच्या फुलांचा वळेसर व्हता. तुमच्या शर्टाला आज डिझेलचा कमी आणि उदबत्तीचा जास्त येतोय, कुटं गेला व्हतात? मी इचारायचो, सुरंगीचा कसा आसतो? ती म्हनायची, थांबा, आणि इचार करत बसायची. भाकरी करताना इचार करायची. कधी दोन दोन दिवस लागायचे तिला. मग मधीच येऊन सांगायची. मी रातपाळीला असलो तर स्टँडवर येऊन सांगून जायची, त्या मुतारीच्या बाजूला, नाकाला पदर लावून. माझ्यासाठी दोन दिवस इचार करायची ती." ते थांबले. "कुनाच्या नवऱ्याला मिळतं ता?"

 सुजाताचे खांदे हलत होते. दारापर्यंत गेलेला मिलिंद परत आला, ह्या खेपेला तिच्या शेजारी बसला, आणि म्हणाला, "मग काय म्हनाली मामी? सुरंगीचा कसा आसतो?"